यार्ड वाढवायचे की वाट बदलायची?

उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावर पोर्टरश नावाचं एक साधं गाव आहे. उन्हाळ्यात लोक पोरंबाळं घेऊन समुद्रावर येतात, निम्मी सुट्टी पावसात घालवतात आणि तरी पुढच्या वर्षी परत येतात, अशातलं. गाव संपलं की वाळूच्या टेकड्या सुरू होतात आणि त्या टेकड्यांत रॉयल पोर्टरश क्लबचं डनलूस हे गोल्फचं मैदान आहे. 1951 साली तिथे ओपन ही गोल्फची मानाची स्पर्धा झाली, मॅक्स फॉकनर जिंकला. ग्रेट ब्रिटनचं बेट सोडून ही स्पर्धा बाहेर जाण्याची ती पहिलीच वेळ. ती पुन्हा तिथे यायला 2019 साल उजाडलं. मधल्या 68 वर्षांतली तीसेक वर्षं त्या प्रदेशात बॉम्ब आणि बंदुकाच बोलत होत्या, तिथे गोल्फची चैन कुणाला सुचणार?

शांतता आली. ग्रॅम मॅकडॉवेल, रोरी मॅकिलरॉय आणि डॅरन क्लार्क या उत्तर आयर्लंडच्या तिघांनी 2010 आणि 2011 या दोन वर्षांत तीन मोठी अजिंक्यपदं घरी आणली, तेव्हा ओपन परत आणण्याची भाषा जोरात सुरू झाली. अडचण आली ती जागेची. आजची ओपन म्हणजे जत्रा असते. तंबू, दुकानं, खाण्याचे ठेले, टीव्हीच्या गाड्या आणि लाखांच्या घरात माणसं. एवढ्या जत्रेला पुरेल अशी मोठी सपाट जमीन डनलूसवर एकच होती, सतराव्या आणि अठराव्या होलची. योगायोग असा, की टेकड्यांत वरखाली जाणाऱ्या त्या मैदानावर सगळ्यांत सपक होलही तेच दोन होते. सोळा होल समुद्र, वारा आणि वाळूशी झुंजायचं आणि शेवट मात्र सपाट माळावर करायचा, अशी ती फेरी होती.

मार्टिन एबर्ट या वास्तुकारानं उपाय सुचवला: हे दोन्ही होल सोडून द्या. शेजारी क्लबचंच दुसरं मैदान आहे, व्हॅली नावाचं. त्याच्या टेकड्यांतली थोडी जमीन घ्या आणि सहाव्या होलनंतर दोन नवे होल घाला. म्हणजे जुना सातवा होल नववा होईल, जुना चौदावा सोळावा होईल आणि जुना सोळावा होल फेरीचा शेवट ठरेल. कागदावर हे नुसतं आकड्यांचं सरकणं वाटतं. पण ज्या सभासदाचे आजोबा, वडील आणि तो स्वतः तीन पिढ्या एकाच अठराव्या ग्रीनवर टोपी काढून हात मिळवत आले, त्याला ‘हा शेवट आता शेवट नाही’ असं सांगणं म्हणजे घराचा उंबरठा हलवणं. तरीही सभासदांनी मतदान करून बदल मान्य केला.

नव्या सातव्या होलवर एक गोष्ट बघण्यासारखी आहे. जुन्या सतराव्या होलच्या उजव्या अंगाला टेकडीच्या पोटात खोदलेला वाळूचा एक प्रचंड बंकर होता. त्याला लोक ‘बिग नेली’ म्हणत. होल गेला तशी नेलीही गेली असती. पण एबर्टनं नव्या सातव्याच्या उजव्या टेकडीत तशीच नेली पुन्हा उभी केली. 2019 ला 592 यार्डांचा असलेला हा होल टेकड्यांच्या घळीतून वर चढत जातो आणि चेंडू उजवीकडे भरकटला की तीच जुनी म्हातारी नव्या घरात वाट बघत बसलेली भेटते. घर बदलताना तुळशीवृंदावन उचलून न्यावं, तसं हे काम झालं.

2019 ला स्पर्धा झाली तेव्हा 2,37,750 प्रेक्षक आले. आयर्लंडचाच शेन लाउरी सहा फटक्यांच्या फरकानं जिंकला. जुना चौदावा, म्हणजे 236 यार्डांचा ‘कॅलॅमिटी कॉर्नर’, आता सोळावा झाला होता. एका बाजूला खोल दरी असलेला हा भयंकर होल फेरीच्या ऐन शेवटी आल्यामुळे मैदानाला पूर्वी नव्हता असा कळस मिळाला. कॅलॅमिटी होता तिथेच होता. बदलला होता तो त्याचा क्रमांक.

जुन्या मैदानांचं काय करायचं, यावर गोल्फच्या जगात आज दोन पक्ष आहेत. एक लांबीवाल्यांचा. खेळाडू आता पूर्वीपेक्षा लांब मारतात, म्हणून टी, म्हणजे पहिल्या फटक्याची जागा, मागे न्या, यार्ड वाढवा, जमत असेल तर शेजारची जमीन विकत घ्या. दुसरा मूळवाल्यांचा. अमुक साली अमुक थोर माणसानं जे आखलं तेच खरं, बाकी सगळी भेसळ, तेव्हा जुने फोटो काढा आणि तसंच्या तसं परत करा. पोर्टरशनं या दोघांचंही पूर्णपणे ऐकलं नाही. तिथे यार्ड वाढले, पण मुख्य बदल यार्डांचा नव्हता. तिथे हॅरी कोल्ट या आखणीकाराला मान दिला गेला, पण त्याचे दोन होल सरळ सोडूनही दिले गेले. तिथे बदलली ती वाट. जुन्या मैदानाला हात लावायचाच असेल तर पहिला हात वाटेला लावावा, दुसरा साचलेल्या कचऱ्याला, आणि यार्डांकडे सगळ्यांत शेवटी वळावं. बहुतेक क्लब नेमका उलटा क्रम धरतात.

वाट म्हणजे काय, हे गोल्फ न खेळणाऱ्याला सांगायला हवं. अठरा होल म्हणजे अठरा लहान प्रवास. टीवरून चेंडू मारायचा, फेअरवेवरून पुढे जायचं, ग्रीनवरच्या भोकात चेंडू घालायचा आणि मग पुढच्या टीकडे चालू लागायचं. हे अठरा प्रवास जमिनीवर कोणत्या क्रमानं, कोणत्या दिशांनी आणि एकमेकांना किती खेटून मांडले आहेत, ती मैदानाची वाट. इंग्रजीत याला राउटिंग म्हणतात आणि आपल्याकडचे खेळाडूही तेच म्हणतात. बंकर उद्या बुजवता येतो, गवत परवा बदलता येतं. वाट मात्र एकदा चुकली की माणूस पन्नास वर्षं तीच चूक तुडवत राहतो.

1744 साली एडिंबरोजवळच्या लीथला या खेळाचे जे 13 लेखी नियम तयार झाले, त्यांतला पहिलाच नियम असा होता की भोकापासून एका काठीच्या अंतराच्या आत पुढचा चेंडू ठेवावा. म्हणजे तेव्हा वेगळी टी अशी जागाच नव्हती. जिथे एक प्रवास संपला तिथेच दुसरा सुरू. पुढे भोकाजवळची जमीन खराब होऊ लागली म्हणून टी बाजूला सरकली. तरीही जुन्या मैदानांवर ग्रीनवरून उतरलं की वीस-तीस पावलांवर पुढची टी सापडते. बोलता बोलता माणूस पुढच्या होलवर पोचतो. जुन्या मैदानाची खरी चैन हीच आहे आणि धावफलकावर ती कुठेच दिसत नाही.

स्कॉटलंडचं म्युरफील्ड हे वाट बदलण्याचं एक नामी उदाहरण. 1891 मध्ये ओल्ड टॉम मॉरिसनं ते आखलं, आणि 1920 च्या दशकात कोल्टनं त्याला आजचं रूप दिलं. त्यानं काय केलं? पहिले नऊ होल मैदानाच्या बाहेरच्या कडेनं घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवले आणि उरलेले नऊ त्यांच्या आत, उलट दिशेनं. देवळाभोवती बाहेरून प्रदक्षिणा घालावी आणि आत शिरून उलटी फेरी मारावी, तसं. समुद्रकाठी वारा ही खेळातली निम्मी शक्ती. जुन्या पद्धतीच्या मैदानावर नऊ होल सरळ लांब जायचं आणि नऊ होल तसंच परत यायचं, म्हणजे अर्धा दिवस वारा पाठीशी आणि अर्धा दिवस तोंडावर. म्युरफील्डवर वारा सतत कूस बदलतो. एक यार्डही न वाढवता मैदान अवघड करायचं असेल, तर ते असं करता येतं.

आता मूळवाल्यांकडे वळू. त्यांचं सगळ्यांत मोठं तीर्थक्षेत्र म्हणजे सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स. पण मूळ शोधायला तिथे जावं, तर तिथे मूळच सापडत नाही. 1764 पर्यंत तिथे एका फेरीत 22 होल खेळले जात. त्या वर्षी सुरुवातीचे चार होल जोडून दोन केले. ते जाताना आणि येताना दोन्ही वेळा खेळले जात असल्यामुळे चार होल कमी झाले आणि उरले 18. साऱ्या जगानं पुढे जो पवित्र आकडा मानला, तो एका दुरुस्तीतून आलेला आहे. पुढे गर्दी वाढली, जाणारे आणि येणारे एकाच भोकाकडे धावू लागले, म्हणून ग्रीन रुंद करून त्यावर दोन-दोन भोकं पाडली. आजही तिथे सात जोडग्रीन आहेत, आणि प्रत्येक जोडीतल्या होलच्या क्रमांकांची बेरीज अठरा येते: दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा, चौथा आणि चौदावा, असं सातव्या आणि अकराव्यापर्यंत, आणि मग आठवा आणि दहावा. गणिताच्या मास्तरांना आवडावी अशी ही रचना कुणी कागदावर बसून केलेली नाही. ती गर्दीतून आली.

याच ओल्ड कोर्सवर एके काळी लोक आजच्या उलट दिशेनं, घड्याळाच्या काट्याप्रमाणे खेळत. ओल्ड टॉमनं पहिल्या होलसाठी स्वतंत्र ग्रीन तयार केल्यावर आजची उलटी फेरी सोयीची झाली आणि हळूहळू तीच रुळली. बराच काळ दोन्ही दिशा आलटून पालटून वापरल्या जात, म्हणजे जमिनीला विसावा मिळे. आजही अधूनमधून एखाद-दोन दिवस मैदान जुन्या दिशेनं खुलं केलं जातं. तेव्हा रोजच्या खेळात निरुपयोगी वाटणारे बंकर एकाएकी बरोबर चेंडूच्या वाटेत येतात. ते तिथे का आहेत याचा उलगडा माणसाला त्या दिवशी होतो. मग ‘मूळ’ कोणतं मानायचं? बावीस होलचं, उजव्या दिशेचं की डाव्या? जुनं मैदान म्हणजे अनेक हातांनी लिहिलेलं हस्तलिखित. मूळ संहितेचा हट्ट धरणारा माणूस शेवटी एक साल निवडतो आणि त्या सालाला देव मानतो.

खुद्द कोल्टचंच घ्या. पोर्टरशला क्लब 1888 पासून होता. कोल्टनं 1930 च्या सुमारास तिथे येऊन आधीची फेरी मोडली आणि नवी बांधली. त्याच्या वेळी मूळवाले प्रबळ असते, तर ज्या डनलूसचं ते आज रक्षण करू बघतात ते जन्मालाच आलं नसतं.

लांबीवाल्यांचा आजार मात्र याहून जुना आणि खर्चिक आहे. त्याचं मूळ चेंडूत आहे. पिसं कोंबलेल्या कातडी चेंडूच्या जागी 1848 च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला, मैदानं लांबली. 1899 मध्ये कोबर्न हॅस्केलच्या रबरी दोरा गुंडाळलेल्या चेंडूला पेटंट मिळालं, मैदानं पुन्हा लांबली. 2000 सालानंतर भरीव गाभ्याच्या चेंडूंनी व्यावसायिक खेळ पुरता काबीज केला आणि तिसरी लाट आली. अमेरिकेच्या पीजीए टूरवर 1980 मध्ये टीवरच्या फटक्याची सरासरी 257 यार्डांच्या आसपास होती, आज ती 300 ला टेकली आहे. हौशी पुरुष खेळाडू सरासरी 215 ते 220 यार्ड मारतो आणि त्याच्यासाठी मैदानं होती तेवढी पुरेशी आहेत. मैदान लांबवलं जातं ते वर्षातून एकदा, किंवा दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या शंभर-दीडशे लोकांसाठी. रोजच्या माणसानं मात्र त्याची किंमत मोजायची.

किंमत फक्त पैशांची नसते. टी मागे नेली की काय होतं ते प्रत्यक्ष चालून बघावं. खेळाडू ग्रीनवरून उतरतो, पुढची टी समोर दिसत असते, पण त्याची टी पन्नास-साठ यार्ड मागे. तो उलटा चालत जातो, मारतो आणि ज्या जागेवरून मागे गेला तिथूनच पुन्हा पुढे येतो. एका होलवर हे ठीक. दहा होलवर असं झालं की फेरीत काहीशे यार्डांचा निव्वळ हेलपाटा पडतो. म्हणजे लांबीनं नेमकी तीच गोष्ट मोडते, जिच्यासाठी जुनं मैदान जुनं म्हणून आवडतं. सेंट अँड्र्यूजच्या प्रसिद्ध सतराव्या होलची टी 2010 च्या ओपनसाठी मागे नेली तेव्हा तो 455 चा 495 यार्डांचा झाला, आणि टी चक्क मैदानाच्या हद्दीबाहेर जाऊन बसली. घरात पाहुणे मावेनात म्हणून दारातला उंबरठा शेजाऱ्याच्या अंगणात नेण्यातला हा प्रकार.

अमेरिकेतल्या जॉर्जियातलं ऑगस्टा नॅशनल या बाबतीत दोन्ही धडे देतं आणि म्हणून ते फार उद्बोधक आहे. अलिस्टर मॅकेन्झी आणि बॉबी जोन्स यांनी आखलेल्या या मैदानावर 1934 च्या वसंतात पहिली स्पर्धा झाली. त्यानंतर क्लबनं पहिले नऊ आणि शेवटचे नऊ यांची अदलाबदल केली. कारण अगदी घरगुती होतं: सखल, सावलीतल्या होलवर सकाळचं दहिवर उशिरापर्यंत राही, खेळ सुरू व्हायला वेळ लागे. म्हणून तो भाग दुपारवर ढकलला. एक छदामही खर्च झाला नाही. पण त्या अदलाबदलीमुळे पाण्याकाठचे अकरावा, बारावा आणि तेरावा हे तीन होल रविवारच्या दुपारी, स्पर्धेच्या निकालाच्या तोंडावर आले. जगभर टीव्हीसमोर माणसं श्वास रोखून जे ‘आमेन कॉर्नर’ बघतात ते या दहिवराचं देणं आहे. ऑगस्टाच्या इतिहासातला सर्वोत्तम बदल फुकटात झाला.

आणि महागातला बदल? 2001 मध्ये 6,985 यार्डांचं असलेलं हे मैदान पुढच्याच वर्षी 7,270 चं झालं आणि आता 7,500 च्या वर गेलं आहे. तेराव्या होलची टी मागे न्यायला जागा नव्हती, म्हणून 2017 मध्ये शेजारच्या क्लबकडून जमीन विकत घेतली आणि 2023 मध्ये तो होल 35 यार्डांनी वाढला. ऑगस्टाला हे परवडतं. ज्यांना परवडत नाही असे हजारो क्लब तिच्याकडे बघून आपली टी मागे ढकलतात, ही खरी गोम आहे. दरम्यान 2013 ची यूएस ओपन फिलाडेल्फियाजवळच्या मेरियनवर झाली. मैदान 6,996 यार्डांचं, म्हणजे ऑगस्टाच्या 2001 सालच्या मापाचं. जस्टिन रोज जिंकला तेव्हा त्याचे एकूण फटके पारपेक्षा, म्हणजे मैदानासाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा, एकानं जास्त होते. अरुंद फेअरवे, चिवट रफ (कडेचं दाट गवत) आणि कडक ग्रीन यांनी ते केलं.

यावर लांबीवाले लगेच सेंट अँड्र्यूजचं 2022 सालचं उदाहरण काढतील. कॅमरन स्मिथ तिथे पारपेक्षा 20 फटके कमी खेळून जिंकला, मग मैदान सोपं झालं नाही का? झालं असेल. पण ‘पार’ हा एक हिशेब आहे, मैदानाची अब्रू नव्हे. त्या आठवड्यातला रविवार शेवटच्या होलपर्यंत रंगला, मॅकिलरॉय आघाडी घेऊन हरला. प्रेक्षकांना याहून आणखी काय हवं होतं? पारचं रक्षण करण्यासाठी मैदान बदलणं म्हणजे फलंदाजांनी तीनशे धावा काढल्या म्हणून खेळपट्टी 24 यार्डांची करणं. क्रिकेटवाल्यांनी हा वेडेपणा केला नाही. गोल्फच्या नियामक संस्थांनाही, म्हणजे आर अँड ए आणि यूएसजीए यांना, अखेर डिसेंबर 2023 मध्ये चेंडूच आखूड पल्ल्याचा करण्याचा निर्णय जाहीर करावा लागला. सर्वांत लांब मारणाऱ्यांचे त्यानं 13 ते 15 यार्ड कमी होतील असा त्यांचा अंदाज आहे. शंभर वर्षं जमिनीला लांबवून झाल्यावर चेंडूकडे बोट दाखवायची बुद्धी सुचली.

साचलेला कचरा काढण्याचं काम याहून अवघड, कारण कचरा बऱ्याचदा सुंदर दिसतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात पाइनहर्स्ट नंबर दोन हे डोनाल्ड रॉसचं मैदान आहे. रॉस स्कॉटलंडमधल्या डॉर्नोकचा. 1907 मध्ये त्यानं हे मैदान खुलं केलं आणि 1948 मध्ये मरेपर्यंत तो त्यात काही ना काही करत राहिला. जमीन वाळूची आणि पाइनच्या झाडांची. रॉसच्या काळात फेअरवेच्या कडेला ही वाळू आणि रानगवताचे ठोंब उघडे असत. पुढे टीव्हीचा जमाना आला, हिरवागार म्हणजे चांगला असं समीकरण झालं आणि सगळीकडे बर्म्युडा गवत पसरलं. त्याला पाणी द्यायला 1,150 स्प्रिंकलर लागत.

2010 मध्ये बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या वास्तुकार जोडीला क्लबनं बोलावलं. त्यांनी जुने विमानातून काढलेले फोटो मिळवले. आणखी एक गोष्ट त्यांच्या हाती लागली, जी कोणत्याही नकाशापेक्षा जास्त बोलकी होती: जमिनीखालून गेलेली पाण्याची जुनी नळी. जुन्या काळी फेअरवेच्या मधोमध एकच नळी टाकत आणि तिचं पाणी जिथवर पोचे तिथवर हिरवं, पुढे वाळू. नळी सापडली की रॉसचा फेअरवे कुठे होता ते कळे. मग सुमारे 35 ते 40 एकर गवत उपटून काढलं, वायरग्रास नावाच्या स्थानिक रानगवताची रोपं लावली आणि स्प्रिंकलर 1,150 वरून 450 वर आले. 2014 मध्ये लागोपाठच्या दोन आठवड्यांत तिथे पुरुषांची आणि महिलांची यूएस ओपन झाली. मार्टिन कायमर आठ फटक्यांनी जिंकला, मिशेल वी महिलांमध्ये जिंकली. टीव्हीवर तपकिरी कडा बघून कितीतरी लोकांनी नाकं मुरडली. मैदान मेलंय, असं त्यांना वाटलं. हिरवं म्हणजे जिवंत, हा गैरसमज किती खोल रुजला आहे ते तेव्हा दिसलं.

मात्र एक गोष्ट मूळवाल्यांनी ध्यानात ठेवावी. रॉसच्या पाइनहर्स्टवर 1930 च्या दशकाच्या मध्यापर्यंत ग्रीनवर गवत नव्हतंच, सपाट केलेली वाळू होती. आपल्याकडच्या जुन्या छावण्यांतल्या मैदानांवर ‘ब्राउन’ असत, तसलीच. कूर आणि क्रेनशॉनी वाळूच्या कडा परत आणल्या, वाळूचे ग्रीन परत आणले नाहीत. आणू नयेतच. पण म्हणजे त्यांनी इतिहासातून निवड केली, आणि ही निवड त्यांच्या अभिरुचीची होती. ती चांगली होती म्हणून मैदान चांगलं झालं, ‘मूळ’ होती म्हणून नव्हे.

पिट्सबर्गजवळच्या ओकमाँटची गोष्ट तर एखाद्या चोरीच्या कथेसारखी आहे. 1903 सालचं हे मैदान मुळात उघडंबोडकं. नंतर सौंदर्याच्या नावाखाली तिथे हजारो झाडं लावली गेली, ती वाढली, फेअरवेवर सावली पडू लागली, गवत मरू लागलं, वारा अडला. 1990 च्या दशकात क्लबच्या काही कारभाऱ्यांनी झाडं काढायचं ठरवलं, पण सभासदांना सांगितलं तर हलकल्लोळ होणार. म्हणून पहाटेच्या अंधारात कामगार दिवे लावून झाड पाडत, ओंडके हलवत, बुंध्यावर गवताची चादर घालत आणि उजाडायच्या आत गायब होत. बरीच झाडं अशी गेल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं आणि मग खरंच हलकल्लोळ झाला. पुढे हजारो झाडं उघड उघड पडली आणि आज ओकमाँटवर एका टोकाला उभं राहिलं की जवळजवळ सारं मैदान दिसतं. भारतीय वाचकाला झाड तोडण्याचं कौतुक रुचणार नाही, आणि ते योग्यच आहे. आपल्या शहरांत गोल्फचं मैदान हेच बऱ्याचदा शेवटचं रान असतं. ओकमाँटकडून शिकायचं ते झाडं पाडणं नव्हे. मैदानावर जे जे वाढलं आहे ते आपल्याला हवं होतं म्हणून वाढलं की कुणी लक्ष दिलं नाही म्हणून, हा प्रश्न विचारणं शिकायचं.

कधी कधी वाट बदलणं हा आवडीचा प्रश्नच नसतो. 1922 सालचा इंग्लंडमधला कॅसल विरुद्ध सेंट ऑगस्टिन्स लिंक्स हा खटला आपल्याकडच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही टॉर्टच्या अभ्यासात भेटतो. केंटमध्ये रस्त्यालगतच्या तेराव्या टीवरून मारलेला चेंडू एका टॅक्सीच्या काचेवर आदळला आणि चालकाचा डोळा गेला. त्या जागेवरून चेंडू वरचेवर रस्त्यावर येत होते. न्यायालयानं ठरवलं की असा होल असणं हाच सार्वजनिक उपद्रव आहे. दोष फटका मारणाऱ्यापेक्षा वाट आखणाऱ्याचा होता. कितीतरी जुनी मैदानं आखली तेव्हा शेजारच्या रस्त्यावर बैलगाड्या असतील, आता सहापदरी रहदारी आहे, बाजूला सोसायट्या उभ्या राहिल्या आहेत. अशा ठिकाणी उंच जाळी लावणं ही मलमपट्टी असते. होलची दिशा फिरवणं हा उपचार.

भारतातली जुनी मैदानं याच कोंडीत आहेत. कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब 1829 चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा जगातला सर्वांत जुना. मुंबईत ताडदेवचा विलिंग्डन 1918 चा, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी 1927 चा. पुण्याचं मैदान येरवड्यात. सगळी कधी काळी गावाबाहेर होती आणि आता गावाच्या पोटात आहेत. त्यांना मागे सरकायला इंचभर जागा नाही. नाशिकच्या अनंत कान्हेरे मैदानाला लोक अजून ‘गोल्फ क्लब’च म्हणतात. तिथे आता क्रिकेट होतं आणि सकाळी जॉगिंग करणाऱ्यांची फेरी चालते. शहर आणि गोल्फ यांच्या झटापटीत शेवटी काय होऊ शकतं, ते बघायला लांब जायला नको.

जागा नसणं हा शाप आहे असं समजायचं कारण नाही, हे दिल्ली गोल्फ क्लबच्या लोदी मैदानानं दाखवलंय. मध्ययुगीन थडगी, मोर, दोन्ही बाजूंना दाट झुडपं आणि त्यांतून जाणारे अरुंद फेअरवे. पाच वेळा ओपन जिंकलेल्या पीटर थॉमसननं 1976-77 मध्ये या मैदानाची फेरआखणी केली आणि 2019 मध्ये गॅरी प्लेयरच्या कंपनीनं पुन्हा. प्लेयरच्या बदलांबद्दल नियमित खेळणारे अजून वाद घालतात, आणि तो वाद निरोगी आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये तिथे युरोपीय टूरची स्पर्धा झाली, तेव्हा जगातल्या सगळ्यांत लांब मारणाऱ्यांपैकी एक असलेल्या मॅकिलरॉयनं ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारणारी काठी, न वापरायचं ठरवलं. झुडपात गेलेला चेंडू सापडत नाही, इतकं सोपं गणित होतं ते. टॉमी फ्लीटवूड पारपेक्षा 22 फटके कमी खेळून जिंकला आणि आकाश कोसळलं नाही. ज्या गोष्टीसाठी जगभरचे क्लब जमिनी विकत घेतात, ती दिल्लीत झुडपांनी फुकट केली.

तेव्हा ज्या क्लबांच्या कार्यकारिणीपुढे सध्या फेरआखणीचे प्रस्ताव आहेत, त्यांच्या सभासदांना एक विनंती. वास्तुकाराचं रंगीत सादरीकरण सुरू होईल, नव्या मागच्या टी लाल ठिपक्यांनी दाखवल्या जातील, एकूण यार्डांचा आकडा मोठ्या अक्षरांत येईल. त्या वेळी हात वर करून तीनच गोष्टी विचारा. कोणता होल काढून टाकावा असं तुम्हाला वाटतं? पाण्याच्या किती नळ्या बंद होतील? आणि प्रत्येक ग्रीनपासून पुढच्या टीपर्यंत आज किती पावलं पडतात, नंतर किती पडतील? तिसऱ्याचं उत्तर त्यांच्याकडे नसेल, तर त्यांना म्हणावं, लॅपटॉप मिटा, बूट घाला, आधी अठरा होल चालून या, मग मतदान घेऊ.